उसना उशीर

‘सकाळी दोनशे लोकांना रिक्वेस्ट पाठव म्हणून सांगितलं, संध्याकाळपर्यंत गेल्या फक्त अठरा. बाकीच्या अडकल्या कुठे?’

विक्रीखात्यातली, नोकरभरतीतली आणि हल्ली कुत्र्याच्या छत्र्यांसारखी उगवलेली ‘कोच’ मंडळी हा प्रश्न सारखा विचारत असतात. उत्तर ऐकून त्यांचं समाधान होतं, माझं मात्र डोकं फिरतं. कारण उत्तर असं असतं: अहो, काही अडकलेलं नाही. सगळं ठीक चाललंय. यंत्र मुद्दाम उशीर करतंय, ते यंत्र आहे हे कुणाला कळू नये म्हणून.

आज या उशिरावरच भांडायचं आहे.

आधी आमच्या आत्या-काका वाचकांसाठी थोडी पार्श्वभूमी. (जाणकारांनी पुढचे तीन परिच्छेद खुशाल गाळावेत, मी रुसणार नाही :) )

लिंक्डइन नावाचं एक संकेतस्थळ आहे. मे २००३ मध्ये सुरू झालं, २०१६ साली मायक्रोसॉफ्टने २६ अब्ज डॉलरहून जास्त मोजून विकत घेतलं, आणि २०२३ मध्ये तिथल्या सभासदांची संख्या शंभर कोटींवर गेली. फेसबुकवर लोक सहलीचे फोटो टाकतात, इथे नोकरी-धंद्याच्या ओळखी करतात. ओळख करायची तर समोरच्याला ‘कनेक्शन रिक्वेस्ट’ पाठवायची. त्याने होकार दिला की तुम्ही त्याला थेट निरोप धाडू शकता. म्हणजे ही रिक्वेस्ट म्हणजे दारावरची टकटक. दार उघडलं की घरात.

आता शंभर दारांवर रोज स्वतःच्या हाताने टकटक करायची म्हणजे कंटाळवाणं काम. म्हणून त्यासाठी भाड्याने मिळणारी सॉफ्टवेअर निघाली. तुम्ही फक्त यादी द्यायची: पुण्यातले, आयटीतले, मॅनेजर पदावरचे वगैरे वगैरे. शिवाय तुमच्या खात्याची किल्ली त्याच्या हातात ठेवायची. मग ते तुमच्या नावाने, तुमच्या फोटोसकट, एकेकाचं दार वाजवत सुटतं.

पण लिंक्डइनला हे चालत नाही. अशा यंत्रांकडून रिक्वेस्टी किंवा निरोप पाठवायला त्यांच्या करारात स्पष्ट बंदी आहे. २०२१ पासून तर आठवड्याला किती रिक्वेस्टी पाठवायच्या यावरही त्यांनी लगाम आवळला. कंपनी आकडा सांगत नाही, पण या धंद्यातली माणसं तो साधारण शंभरच्या आसपास धरून चालतात. पकडले गेलात तर खातं काही काळ बंद, कधी कायमचं. मग पकडलं जाऊ नये म्हणून यंत्राने काय करायचं? माणसासारखं वागायचं. आणि माणसासारखं वागायचं म्हणजे मुख्यतः काय, तर हळू वागायचं.

ही सोंगं एकदा नीट पाहून घ्या, फार बारकाईने केलेली असतात.

दोन रिक्वेस्टींच्या मध्ये यंत्र थांबतं. पण दर वेळी साठ सेकंद थांबलं तर संशय येईल, म्हणून एकदा त्रेचाळीस, एकदा एक्याऐंशी, एकदा चार मिनिटं. रात्री ते ‘झोपतं’. शनिवार-रविवार ‘सुट्टी’ घेतं. दुपारी जेवायला जावं तशी खिंडारं पाडतं. खातं नवं असेल तर पहिल्या दिवशी पाच, मग सात, मग दहा, असं बुजऱ्या माणसासारखं हळूहळू धीट होत जातं. याला त्यांच्या भाषेत ‘वॉर्म-अप’ म्हणतात. आधी तुमचं प्रोफाइल नुसतं बघून जातं. दोन दिवसांनी तुमच्या एखाद्या लेखाला ‘लाइक’ देतं. मग एक दिवस सोडून रिक्वेस्ट. तुम्ही होकार दिलात की लगेच निरोप पाठवत नाही. चार-सहा तास, कधी एक दिवस थांबतं. उतावळेपणा दिसू नये म्हणून! तुम्ही उत्तर दिलं नाहीत तर तीन दिवसांनी ‘माझा आधीचा निरोप बघितलात का?’ आणि आठवड्याने ‘तुम्ही कामात असाल, समजू शकतो’.

समजू शकतो म्हणे! कोण समजू शकतो? आणि कधी समजला? आठवड्यापूर्वी भरून ठेवलेला वेळ संपला, तेव्हा.

इथे आमचे काका नक्की म्हणणार, ‘अरे पण बिघडलं काय? आपण लग्नाच्या पत्रिका नाही का छापत? पाचशे लोकांना एकच मजकूर जातो. कुणी रागावतं का?’

प्रश्न चांगला आहे, म्हणून सविस्तर उत्तर देतो. नाही, कुणी रागावत नाही. कारण छापील पत्रिका आपण छापील आहोत हे लपवत नाही. उलट आपल्याकडच्या कित्येक पत्रिकांच्या तळाशी सरळ लिहिलेलं असतं की समक्ष येऊन बोलावणं शक्य झालं नाही, तरी हेच आग्रहाचं आमंत्रण समजावं. किती प्रामाणिक आहे बघा हे! आम्ही यायला हवं होतं, आलो नाही, त्याची ही कबुली आणि ही विनंती. आणि ज्यांच्याकडे जायलाच हवं त्यांच्याकडे अक्षता घेऊन माणूस जातोच. कोणाकडे पोस्टाने आणि कोणाकडे स्वतः, यातला फरक देणाऱ्यालाही कळतो आणि घेणाऱ्यालाही. त्यावरून रुसवेफुगवेही होतात, पण फसवणूक होत नाही. ते पाचशे लिफाफे प्रत्येक घराबाहेर अर्धा तास ताटकळून, जणू पाहुणाच आलाय असा पायरव करून आत पडले असते, तर काकांनीच आधी काठी उगारली असती.

दुसरा आक्षेप तांत्रिक मित्रांचा. ‘उशीर वाईट कसा? सगळं इंटरनेट उशिरावरच चालतं.’

खरं आहे. एकाच तारेवर अनेक संगणक बोलायला लागले की संदेशांची टक्कर होते. मेटकाफ आणि बॉग्ज यांनी १९७६ साली इथरनेटबद्दल जो प्रसिद्ध लेख लिहिला त्यातली सुंदर गोष्ट हीच आहे, की टक्कर झाली की प्रत्येकाने गप्प बसायचं, मनाला येईल तितका वेळ थांबायचं आणि मग पुन्हा बोलायचं. परत टक्कर झाली तर आणखी जास्त वेळ थांबायचं. दोघे अनोळखी लोक एकाच दारातून जाताना ‘आधी तुम्ही, आधी तुम्ही’ करतात ना, तसं. सर्व्हरवर भार आला की तोही ‘४२९’ असा आकडा परत पाठवून सांगतो, बाबा रे, फार झालं, जरा दमाने घे. हा थांबणं शिकवणारा उशीर मला मान्य आहे, नव्हे आवडतो. तो दुसऱ्याची सोय बघून केलेला असतो आणि तो कुणापासून लपवलेला नसतो.

रिक्वेस्ट पाठवणाऱ्या यंत्राचा उशीर वरून अगदी तसाच दिसतो. तेच फासे, तेच आकडे. पण इथे फासे टाकण्याचं कारण पहारेकऱ्याला चकवणं हे आहे. एक माणूस गर्दीत दुसऱ्याला वाट द्यायला थांबतो आणि दुसरा खिसा कापायची संधी साधायला थांबतो. दोघेही थांबलेलेच, म्हणून दोघांना एकच माप लावायचं का?

या नाटकाचा उगम शोधत गेलं की गंमत सापडते. १९५० साली अ‍ॅलन ट्युरिंग यांनी ‘यंत्र विचार करू शकेल का’ या प्रश्नावरचा तो गाजलेला लेख लिहिला. त्यातल्या एका काल्पनिक संवादात यंत्राला ३४९५७ आणि ७०७६४ यांची बेरीज विचारली आहे. यंत्र साधारण तीस सेकंद थांबतं आणि १०५६२१ असं उत्तर देतं. खरं उत्तर १०५७२१. म्हणजे तीस सेकंदांचा खोटा उशीर आणि वर शंभराची चूक! माणसाची नक्कल करायची तर वेग लपवावा लागेल हे त्या माणसाने पंचाहत्तर वर्षांपूर्वीच ताडलं होतं. पण ट्युरिंग यांच्या खेळात प्रश्न विचारणाऱ्याला आधीपासून ठाऊक असतं की समोरच्या दोघांपैकी एक यंत्र आहे. तो खेळायला बसलेला असतो. आपल्याला खेळात घेतलंय हे आपल्याला कुणी सांगितलंच नाही.

मे २०१८ मध्ये गूगलने ‘डुप्लेक्स’चं प्रात्यक्षिक दाखवलं. यंत्राने केशकर्तनालयात फोन लावला आणि मध्येच ‘अं’, ‘हं’ करत, अडखळत वेळ ठरवली. सभागृहात टाळ्या पडल्या आणि बाहेर टीकेची झोड उठली. मग गूगलला सांगावं लागलं की यंत्र आपली ओळख आधी देईल. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाने कायदा केला, जो १ जुलै २०१९ पासून लागू झाला: काही विकण्यासाठी किंवा मत मिळवण्यासाठी बॉट वापरून, तो बॉट आहे हे लपवून लोकांना फसवता येणार नाही. म्हणजे तत्त्व काही माझ्या डोक्यातून निघालेलं नाही. बोलणाऱ्या यंत्राने ‘अं’ म्हणून फसवू नये हे जगाला पटलं. मग गप्प बसणाऱ्या यंत्राने गप्प बसून फसवलं तर ते बरं कसं?

आता मुख्य मुद्दा. मला या उशिराचाच एवढा राग का, खोट्या मजकुराचा का नाही?

कारण मजकुरावरचा विश्वास कधीच उडालाय. पूर्वी यंत्राची चिठ्ठी चटकन ओळखू यायची. नावाआधी ‘डॉ.’ लावणाऱ्या आमच्या एका स्नेह्यांना कित्येक निरोप ‘हाय डॉ’ असे यायचे, कारण यंत्र नावातला पहिला शब्द उचलायचं. काही निरोपांत तर नावाच्या जागी रिकामा महिरपी कंस तसाच! आता ते दिवस गेले. आता भाषा लिहिणारी यंत्रं तुमचा मागचा लेख वाचून, त्यातलं एखादं वाक्य उचलून, जिव्हाळ्याने दोन ओळी लिहितात. तेव्हा शब्दांवरून माणूस ओळखता येत नाही. उरतो काय? वेळ. समोरच्याने माझ्यासाठी आपल्या आयुष्यातली दोन मिनिटं काढली, एवढी एकच गोष्ट शिल्लक होती जी फुकट मिळत नव्हती. तिचीही नक्कल करून झाली.

आणि माणसाच्या उशिराला अर्थ असतो हो! २००५ साली बाराबासी नावाच्या शास्त्रज्ञाने ईमेलच्या वेळा तपासून दाखवलं की माणसं ठरावीक अंतराने उत्तरं देत नाहीत. झपाट्याने पाच-सहा उत्तरं देतात, मग बराच काळ सामसूम. कारण आपण आलेल्या क्रमाने कामं करत नाही, महत्त्वाचं आधी करतो आणि उरलेलं मागे पडत जातं. त्याच वर्षी त्याने आणि ओलिव्हेराने डार्विन आणि आइनस्टाइन यांचा पत्रव्यवहारही असाच तपासला. डार्विनने आयुष्यात साडेसात हजारांवर पत्रं पाठवली, आइनस्टाइनने चौदा हजारांवर. तिथेही तोच नमुना. बरीच उत्तरं थोड्या दिवसांत, आणि काही महिनोन्महिने पडून राहिलेली. बोरूच्या आणि टपालाच्या काळातही माणूस असाच होता.

म्हणजे उशीर म्हणजे नुसती रिकामी जागा नव्हे. पत्राला उत्तर लगेच आलं तर आपण कुणाला तरी महत्त्वाचे आहोत. उशिरा आलं तर मध्ये दुखणं, लग्नकार्य, परीक्षा, आळस, संकोच, काहीतरी होतं. आमच्या आजीला पत्र किती दिवसांनी आलं यावरून लेकीच्या घरची हवा कळायची, आत काय लिहिलंय ते नंतर. यंत्राच्या त्रेचाळीस सेकंदांत काय होतं? काहीच नाही. तिथे कुणी विचारात पडलं नव्हतं, कुणाचा हात अडखळला नव्हता.

‘पण छोट्या धंदेवाल्याने करायचं काय?’ हा तिसरा आक्षेप, आणि तोच मला सर्वात जड वाटतो. एकटा माणूस, हाताशी जाहिरातीला पैसे नाहीत, मोठ्या कंपन्यांकडे विक्रीची फौज. त्याने यंत्राची मदत घेतली तर त्याला चोर म्हणायचं?

नाही म्हणणार. यादी यंत्राने करून द्यावी. मजकुराचा कच्चा खर्डा यंत्राने द्यावा. कुणाला कधी लिहायचं याची आठवण यंत्राने करावी. एवढंच काय, घाऊक निरोप पाठवायचा तर घाऊक म्हणून पाठवावा, खाली लिहावं की हा निरोप आपोआप पाठवला आहे. माझं भांडण मदतीशी नाही. भांडण आहे ते त्या एका खिडकीशी, जिथे ‘कमीत कमी इतके सेकंद, जास्तीत जास्त इतके सेकंद’ भरायचं असतं आणि शेजारी ‘माणसासारखं वर्तन’ असं कौतुकाने लिहिलेलं असतं. शिवाय त्या छोट्या धंदेवाल्याला यातून मिळतं काय? सगळेच टकटक करायला लागले की दार उघडणारेच कान बंद करून बसतात. मग याने पाच पायऱ्यांचं नाटक लावलं की त्याचा स्पर्धक सात पायऱ्यांचं लावतो. भाडं दोघांकडून वसूल होतं.

आणि यात खरा भरडला जातो तो तिसराच. आमच्या नात्यातला एक मुलगा गेल्या वर्षी पदवीधर झाला. नोकरी शोधतोय. कुणीतरी सांगितलं म्हणून त्या त्या कंपनीतल्या माणसांना स्वतः लिहितो. प्रत्येकाचं काम वाचतो, वहीत टिपणं काढतो, इंग्रजी नीट आहे का म्हणून ताईला दाखवतो, ‘सर’ लिहू की नाव लिहू यावर अर्धा तास घालवतो. दिवसाला तीन रिक्वेस्टी जेमतेम होतात. पलीकडचा माणूस त्याकडे बघतो तेव्हा त्याला काय दिसतं? आधी प्रोफाइल बघून गेला, मग दोन दिवसांनी लाइक, मग रिक्वेस्ट, मग अदबीने लिहिलेल्या चार ओळी. अरेच्चा, ही तर त्या यंत्राची ओळखीची चाल! की दाबलं ‘इग्नोर’. मुलाचा खरा संकोच यंत्राच्या खोट्या संकोचासारखा दिसतो. खोटं नाणं बाजारात आलं की दुकानदार खऱ्या नाण्यालाही दगडावर आपटून बघतो, आणि घाईत असेल तर घेतच नाही. पण ज्याच्या खिशात एकच नाणं आहे त्याने काय करावं?

लिंक्डइनलाही मी सोडणार नाही. आज नियम सांगणाऱ्या या कंपनीवर २०१३ साली कॅलिफोर्नियात दावा लागला होता. सभासदाने आपली ईमेलची वही उघडून दिली की ती त्याच्या ओळखीच्यांना त्याच्या नावाने आमंत्रण पाठवायची. इथवर ठीक, परवानगी होती. पण उत्तर आलं नाही तर थोड्या थोड्या दिवसांनी, पुन्हा त्याच्याच नावाने, आणखी दोन आठवणी जायच्या. न्यायाधीश बाईंनी २०१४ मध्ये म्हटलं की पहिल्या आमंत्रणाला लोकांनी होकार दिला होता, पुढच्या आठवणींना दिल्याचं दिसत नाही, तेव्हा दावा पुढे चालू द्या. २०१५ साली १ कोटी ३० लाख डॉलरवर तडजोड झाली, कंपनीने चूक कबूल न करता. मला या खटल्यातलं एवढंच महत्त्वाचं वाटतं: माझ्या नावाने पुन्हा कधी दार वाजवायचं, हेही माझं आहे. माझा शब्द जसा माझा, तसा माझा धीर आणि माझा आग्रहसुद्धा माझाच. तो दुसऱ्याने परस्पर वापरला तर ती लुबाडणूकच. आणि मी तो स्वखुशीने यंत्राला भाड्याने दिला, तर समोरच्याची लुबाडणूक.

ऑर्कुट आठवतं ना मंडळी? (३० सप्टेंबर २०१४ ला कायमचं मिटलं बिचारं.) तिथे ‘माझ्याशी फ्रेंडशिप करणार?’ म्हणत खरडवहीत टपकणारे महाभाग आठवतात? तेव्हा आपण त्यांची किती टर उडवली! आज वाटतं, गडी निदान स्वतः तरी आला होता. तोच मजकूर शंभर जणींना चिकटवत असेल, पण चिकटवत होता स्वतःच्या बोटांनी, आणि उतावळा होता तर उतावळाच दिसत होता. उतावळेपणा लपवायला त्याने सॉफ्टवेअर भाड्याने घेतलं नव्हतं.

तेव्हा माझं म्हणणं थोडक्यात असं. अशी सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांनी उशीर जरूर ठेवावा, पण तो भार हलका करण्यासाठी, वेष पालटण्यासाठी नव्हे. आणि पाठवलेल्या प्रत्येक गोष्टीवर ‘यंत्राकरवी’ असा शिक्का असावा. वापरणाऱ्यांनी दोनशेच्या जागी दहा लोकांना लिहावं, पण स्वतः. आणि ‘तुम्ही कामात असाल, समजू शकतो’ हे वाक्य खरंच समजलं असेल तेव्हाच लिहावं. उरलो आपण, दार उघडणारे. आपल्या हातात एवढंच आहे की एखादी रिक्वेस्ट नाकारण्याआधी दोन मिनिटं थांबून, तो पोरगा तर नसेल ना, हे बघावं. दोन मिनिटं, खरीखुरी. फाशांनी काढलेली नव्हेत.

यावर ज्यांना भांडायचं आहे त्यांनी जरूर भांडा. विक्रीखात्यातल्या मित्रांनी तर नक्कीच. उत्तर द्यायला मला उशीर होईल, कारण पुढच्या आठवड्यात आत्याकडे मंगळागौर आहे. उशीर माझाच असेल.